३१ मिनिटं ४० सेकंद, दोनदा: आजारातून परतलेल्या एका धावपटूचा प्रकरण अभ्यास

नाशिकमधल्या आमच्या छोट्या धावगटाची वही माझ्याकडे असते. कोण किती वाजता सुटलं आणि किती वाजता पोहोचलं हे मी लिहिते. पुढच्या महिन्यात कोणाला किती सूट द्यायची, तेही मीच ठरवते. त्या वहीतल्या एका माणसाचं हे प्रकरण आहे. त्यांना विचारून, लिहून झाल्यावर वाचून दाखवून इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. गटात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून इथेही अण्णाच.

आजारपणातून उठलेल्या हौशी धावपटूला हँडिकॅप शर्यतीचा, म्हणजे ज्याच्या त्याच्या वेगाप्रमाणे सूट देणाऱ्या शर्यतीचा, फार उपयोग होतो, असं मी पुष्कळांना सांगत आले आहे. अण्णांनाही झाला. पण त्याआधी त्याच शर्यतीने त्यांचा घोटा पुन्हा सुजवला, आणि त्यात आमच्या नियमाचा आणि माझा वाटा होता. तो वाटा नेमका कोणता, हे लिहून ठेवायला हवं असं वाटलं.

शर्यत कशी चालते

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही मखमलाबादच्या बाजूला, पाटाच्या कडेने ५ किलोमीटर धावतो. दुसरा शनिवार अशासाठी, की बँकेतल्या आम्हा लोकांना त्या दिवशी सुट्टी असते आणि अण्णांच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टीही शनिवारीच असते. गट वीस-बावीस जणांचा. त्यात कॉलेजची पोरं आहेत, दोन शिक्षक आहेत, एक द्राक्षबागायतदार आहे आणि त्रेसष्ट वर्षांच्या एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात.

साध्या शर्यतीत सगळे एकदम सुटतात आणि वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. आमच्याकडे ते उलटं आहे. प्रत्येकाने साडेसातला शर्यत संपते त्या मोरीपाशी, म्हणजे पाटावरच्या छोट्या पुलापाशी पोहोचायचं, असं धरून सुटायची वेळ काढायची. ज्याचा अंदाज ४४ मिनिटांचा, तो ६:४६ ला सुटतो. आमचा सगळ्यात वेगवान मुलगा साडेअठरा मिनिटांत येतो, म्हणून त्याला ७ वाजून ११ मिनिटं ३० सेकंदांपर्यंत थंडीत उभं राहावं लागतं. सगळ्यांचे अंदाज अचूक असते तर बावीस जण एकाच क्षणी मोरीवर आले असते. तसं कधी होत नाही. ज्याने आपल्या अंदाजावर मात केली तो पुढे येतो आणि फिरता तांब्या महिनाभर घरी नेतो. तांब्या पितळी आहे, भांडीबाजारातून आणलेला.

ही पद्धत काही आमची नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्टॉवेल गावी १८७८ पासून अशी शर्यत होते, आता ती १२० मीटरची असते. तिथे वेळेऐवजी अंतराची सूट देतात, म्हणजे कच्चा धावपटू पुढच्या खुणेवर उभा राहतो. कॅलिफोर्नियातली डिप्सी शर्यत १९०५ पासूनची. तिथे वय आणि स्त्री-पुरुष बघून आधी सोडतात. आम्ही वय बघत नाही, फक्त मागची वेळ बघतो. अण्णांच्या प्रकरणात याच गोष्टीने घोळ केला.

तेव्हाचा आमचा नियम असा होता: अंदाजापेक्षा लवकर आलात तर नवी वेळ हाच पुढचा अंदाज. उशिरा आलात तर फरकाच्या निम्मा वेळ वाढवून मिळेल, पण जास्तीत जास्त ३० सेकंद. हा दुसरा भाग मुद्दाम ठेवला होता. नाहीतर एक महिना रेंगाळत धावायचं, भरपूर सूट मिळवायची आणि पुढच्या महिन्यात तांब्या न्यायचा, असं कोणीही करू शकतं. लबाडी रोखायला तो नियम चांगला होता. आजारी माणूस आम्ही तो करताना डोळ्यांसमोर ठेवलाच नव्हता.

पार्श्वभूमी

अण्णा पंचेचाळिशीतले. सातपूरला राहतात, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवतात. आठवड्याला शिफ्ट बदलते: फर्स्ट, सेकंड, नाईट. आठ तास उभ्याने काम. धावायला लागले चाळिशीत, डॉक्टरांनी साखर काठावर आली आहे म्हटल्यावर. नाशिकमध्ये धावणाऱ्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही. कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आणलं, तेव्हापासून तर गल्लीतल्या म्हाताऱ्याही ‘पळायला चाललास का’ असं सहज विचारतात. अण्णा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सुरुवातीला चालले, मग धावले. चार वर्षांत ५ किलोमीटर २४:१० पर्यंत आणलं. एक अर्धमॅरेथॉन १ तास ५४ मिनिटांत केली. जुलैच्या शर्यतीनंतर वहीत त्यांचा अंदाज होता २४:३०.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ताप आला. तपासणीत चिकुनगुन्या निघाला. ताप पाचव्या दिवशी उतरला, सांधे मात्र धरून राहिले. चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. वेदनेने वाकून जाणं असा त्याचा भाव आहे. अण्णांच्या बाबतीत मनगटं, बोटांची पेरं आणि डावा घोटा यांनी तो खरा केला. सकाळी पलंगावरून उतरून पहिली दहा पावलं भिंत धरून टाकावी लागायची. या आजारावर विषाणू मारणारं औषध नाही; विश्रांती, पाणी, वेदनेवर उपचार आणि वाट बघणं, एवढंच हातात असतं. सांधेदुखी कोणाची काही आठवड्यांत जाते, कोणाची महिनोन्‌महिने रेंगाळते.

ऑक्टोबरअखेर वजन ७१ वरून ७८ किलोवर गेलं होतं. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं आणि चालायला परवानगी दिली. ‘धावणं हळूहळू, दुखलं की थांबायचं,’ एवढंच ते म्हणाले. सल्ला योग्यच होता. पण हळूहळू म्हणजे किती आणि दुखणं म्हणजे कोणतं, हे धावणाऱ्याने ठरवायचं राहिलं.

अडचण

अण्णांना परत यायचं होतं. त्यांची बायको मला फोनवर म्हणाली, “ताई, त्यांना शर्यतीला बोलवा. घरात नुसते बसून असतात, चिडचिड करतात.” ट्रॅकवर एकटं जायला ते तयार नव्हते. जिथे आपण सगळ्यांना मागे टाकायचो, तिथे आता पोट सुटलेली माणसं आपल्याला मागे टाकतात, हे सहन होत नव्हतं. साध्या शर्यतीत शेवटून पहिलं यायची त्यांना लाज वाटत होती. हँडिकॅप शर्यतीत ती लाज उरत नाही, कारण शेवटी सगळे जवळजवळ एकत्रच येतात.

फक्त वहीत २४:३० लिहिलेलं होतं. नियमाप्रमाणे त्यांना ७:०५:३० ला सुटावं लागलं असतं. तेव्हाच्या त्यांच्या चालीने ते साडेसात सोडाच, पावणेआठच्या सुमारास, सगळे चहाला बसल्यावर पोहोचले असते. आणि पुढच्या महिन्यात त्यांना मिळाले असते फक्त ३० सेकंद वाढवून.

समोर असलेले पर्याय

सिस्टर, मी आणि बागायतदार दादा असे तिघं बसलो. पहिला पर्याय म्हणजे नियमाला धरून चालायचं. तो कोणालाच पटला नाही. दुसरा, अण्णांनी स्वतःच अंदाज सांगावा. अण्णा म्हणाले, “तीस मिनिटं लिहा.” पण तो आकडा त्यांच्या अभिमानातून आला होता, पायातून नव्हे. तिसरा पर्याय सिस्टरांचा होता: तीन महिने धावायचंच नाही, घड्याळ धरायला यायचं. मला तेव्हा तो फार कडक वाटला. आज मागे वळून बघताना मी त्याला इतक्या सहज बाजूला सारलं नसतं. चौथा म्हणजे चाचणी घ्यायची आणि नवीन माणसासारखा नवा अंदाज काढायचा.

चौथा पर्याय घेतला. अण्णा गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या ट्रॅकवर आले. दोन मिनिटं जॉगिंग, एक मिनिट चालणं, असं करत २ किलोमीटर १३:४० मध्ये झाले. पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये एक सूत्र मांडलं: अंतर जितक्या पटीने वाढतं, त्या पटीचा १.०६ वा घात करून आधीच्या वेळेला गुणायचं. अंतर दुप्पट झालं तर वेळ दुपटीपेक्षा थोडी जास्त, असा त्याचा साधा अर्थ. त्याने उत्तर आलं ३६:०६. मी वहीत ३६:०० लिहिलं.

या सूत्राला दम कळतो, घोटा कळत नाही. हे वाक्य त्या दिवशी मला सुचलं नव्हतं, नंतर सुचलं.

नोव्हेंबर

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी झालेली, फवारणीचे दिवस. त्या सकाळी पाटाकडेच्या एका बागेत ब्लोअर चालू होता, म्हणून वास जाईपर्यंत आम्ही सुटण्याच्या वेळा पाच मिनिटं पुढे ढकलल्या. (वहीत त्या मूळ वेळेप्रमाणेच लिहिल्या आहेत.) अण्णांना सुटायचं होतं ६:५४ ला. त्यांच्या आधी सिस्टर, एक आजोबा आणि दोन नवीन मुली गेल्या होत्या. अण्णा रेषेवर येऊन माझ्याकडे बघत म्हणाले, “ताई, मला लिंबूटिंबू केलंत का?”

लहानपणी गल्लीत सगळेच हा शब्द ऐकतात. लिंबूटिंबूला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो आऊटही होत नाही. त्याचं असणं धरतही नाहीत. मी त्यांना म्हणाले, “लिंबूटिंबूची वेळ कोणी लिहीत नाही. तुमची मी सेकंदासकट लिहिणार आहे.” ते हसले नाहीत, पण सुटले.

३५:१२ मध्ये आले. बावीस जणांत सहावे. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर मागून वेगवान मुलं येत होती आणि पुढे सिस्टर दिसत होत्या. दोन्हीकडे माणसं असताना धावणं तीन महिन्यांनी अनुभवलं, असं ते चहा घेताना म्हणाले. सिस्टर मात्र अण्णांच्या हाती लागल्या नाहीत, आणि त्याचं अण्णांना वाईट वाटलं नाही. मला तेव्हाच कळलं की शर्यत आपलं काम करते आहे.

डिसेंबर

पुढच्या चार आठवड्यांत अण्णा आठवड्यातून तीनदा धावत होते. चालणं कमी होत गेलं. दम फार लवकर परत आला, आणि ज्याने चार वर्षं धावून हृदय-फुप्फुसं तयार केली आहेत त्याचा तो तसा येतोच. स्नायूबंध, सांधे, टाचेची शीर यांची चाल मात्र संथ असते. ती दमाच्या वेगाने तयार होत नाहीत. या दोन वेगांमधल्या फटीतच परतणाऱ्या धावपटूला इजा होते.

डिसेंबरच्या शर्यतीचा अंदाज ३५:१२, सुटायची वेळ ६:५४:४८. आदल्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. रात्री अकराला सुटून घरी, झोप साडेबाराला, पाचला उठून पाटावर. अण्णा सुटले आणि मोरीवर आले ते ७:२६:२८ ला. ३१ मिनिटं ४० सेकंद. त्यांच्यामागे दुसरा माणूस वळणावर दिसायला दोन मिनिटं लागली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवीन आणि परतलेल्या माणसाला पहिल्या दोन शर्यतींत तांब्या मिळत नाही, असा नियम आहे, तरी मी फोटोपुरता तांब्या त्यांच्या हातात दिला, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. सिस्टर एकट्या म्हणाल्या, “अण्णा, डावा पायमोजा काढा बघू.” अण्णांनी विषय टाळला. मी सिस्टरांच्या बाजूने बोलायला हवं होतं. मी तेव्हा फोटोखाली काय लिहावं याचा विचार करत होते.

रविवारी घोटा सुजला. सोमवारी बुटात पाय जाईना. तीन दिवस रजा टाकावी लागली. नाईट शिफ्टला ते लंगडत गेले आणि सुपरवायझरने खुर्ची दिली, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

जानेवारीत त्यांनी स्वतःहून सांगितलं: शर्यतीच्या सकाळी उपाशीपोटी, चहाबरोबर एक वेदनाशामक गोळी घेतली होती. नोव्हेंबरमध्येही घेतली होती. “दुखत नव्हतं असं नाही ताई, पण तुम्ही वहीत लिहिणार होता.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. मी लिंबूटिंबूवर दिलेलं उत्तर त्यांनी मनावर घेतलं होतं. वेदनाशामक घेऊन धावणं अनेक जण करतात आणि त्यात काही गैर मानत नाहीत. पण गोळीने सूज कशामुळे येते ते बदलत नाही, फक्त सांगणारा गप्प होतो. शिवाय घाम गेलेल्या, पाणी कमी असलेल्या शरीरात पुष्कळ वेदनाशामक गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. उपाशीपोटी घेतल्या तर पोटावर येतो तो वेगळाच.

नियम बदलला

आमच्या जुन्या नियमाप्रमाणे जानेवारीचा अंदाज आपोआप ३१:४० झाला होता. म्हणजे गोळी, साडेचार तासांची झोप आणि सुजणारा घोटा यांतून आलेली वेळ आता अण्णांना टिकवायची होती. नाही टिकली तर ३० सेकंद परत मिळणार. आमच्या शर्यतीत दर महिन्याला स्वतःवर मात करणाऱ्याला बक्षीस होतं आणि मात किती करावी याला वरची मर्यादाच नव्हती. निरोगी माणसाला याचा त्रास होत नाही, कारण त्याच्यात महिन्याला साडेतीन मिनिटं सुधारणा सहसा होत नाही. परतणाऱ्या माणसात ती होऊ शकते, आणि तिथेच त्याला ब्रेक लागायला हवा असतो.

पुन्हा आम्ही तिघं बसलो. या वेळी अण्णाही होते. दादांचं म्हणणं होतं की अण्णांना तांब्याच्या बाहेर ठेवावं, फक्त वेळ लिहावी. अण्णा गप्प झाले. ते पुन्हा लिंबूटिंबू झाले असते. सिस्टर म्हणाल्या, नियम फक्त अण्णांसाठी नको, सगळ्यांसाठी करा. मग ठरलं ते असं:

दोन महिन्यांहून जास्त खंड पडलेल्याचा जुना अंदाज रद्द, चाचणीवरून नवा. हे आम्ही आधीच केलं होतं, आता लिहिलं. आणि अंदाजापेक्षा एक मिनिटाहून जास्त लवकर आलेल्याला, तो कोणीही असो, त्या महिन्यात तांब्या नाही.

हा दुसरा नियम छोटा दिसतो. पण त्याने अण्णांसाठी शर्यतीचा अर्थ पालटला. आता जिंकायचं तर आपल्या मागच्या वेळेच्या थोडंच पुढे यायचं होतं. वेग आवरणं हेही कौशल्य झालं आणि त्याला गटात किंमत मिळाली. पूर्वी त्यांना आवरायला सांगणारे आम्ही होतो, आता घड्याळच सांगू लागलं.

जानेवारीत अण्णा धावले नाहीत. सिस्टरांचा तिसरा पर्याय आपोआप अमलात आला: त्यांनी मोरीवर घड्याळ धरलं. एका फिजिओथेरपिस्टकडे जाऊ लागले. जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं-सोडणं, एका पायावर उभं राहणं, घोट्याभोवती रबरी पट्ट्याचे व्यायाम. सांधेरोगतज्ज्ञांनाही दाखवलं. धावणं तीन आठवडे बंद, चालणं रोज. नाईटच्या आठवड्यात धावायचंच नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं आणि आजही पाळतात. माझ्या मते सगळ्या उपायांत याचा परिणाम सर्वांत जास्त झाला, तरी कोणत्याही तक्त्यात तो दिसत नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल

फेब्रुवारीच्या आधी पुन्हा चाचणी झाली. या वेळी ३ किलोमीटर, न चालता, बोलता येईल इतक्या चालीने आणि गोळीशिवाय. वेळ १९:३०. सूत्राने ५ किलोमीटरचे ३३:३१ दिले. डिसेंबरच्या वेळेपेक्षा जवळजवळ दोन मिनिटं जास्त. अण्णांनी आकडा बघून मान हलवली आणि स्वतःच म्हणाले, “३३:३० लिहा, आणि खाली लिहा की गोळी नाही.” तेव्हापासून वहीत मी एक रकाना वाढवला: आदल्या रात्रीची झोप आणि औषध. कोणी भरलं नाही तरी चालतं, पण रेषेवर उभं असताना विचारते मी सगळ्यांना.

फेब्रुवारीत ३३:०५. मार्चमध्ये ३२:१५. द्राक्षांची तोड चालू होती, क्रेट भरलेल्या पिकअपला वाट द्यायला ते दोनदा थांबले, तरी. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सूज नाही.

एप्रिलमध्ये उकाडा सुरू झाला होता. अंदाज ३२:१५, सुटले ६:५७:४५ ला, पोहोचले ७:२९:२५ ला. मी वजाबाकी केली आणि वही त्यांच्यापुढे धरली. ३१:४०. डिसेंबरचीच वेळ, सेकंदाचाही फरक नाही. त्या दिवशी ते चौथे आले, टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. अण्णांनी बूट काढला, मोजा काढला आणि घोटा सिस्टरांच्या पुढे केला. सिस्टरांनी अंगठ्याने दाबून बघितलं. खळगा पडला नाही.

परिणाम

आजारानंतर पंधरा महिन्यांनी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, अण्णांची वेळ २७:२० होती. २४:१० अजून दूर आहे. परत मिळेल का, ते मी सांगू शकत नाही आणि अण्णा आता विचारत नाहीत. वजन ७४. पावसाळ्यात ओल्या हवेत घोटा सकाळी आखडतो, मग ते त्या दिवशी चालतात. जानेवारीच्या अर्धमॅरेथॉनसाठी गटातल्या चौघांनी नावं दिली तेव्हा त्यांनाही खूप मोह झाला होता. फॉर्म भरायला बसले, फिजिओला फोन केला आणि १० किलोमीटरचा गट निवडला. तांब्या त्यांना अजून मिळालेला नाही. एकदा जुलैच्या पावसात ते दुसरे आले, चार सेकंदांनी.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, नोव्हेंबरची चाचणी फक्त वेळेची घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दहा पावलं कशी पडली, हे विचारलं असतं तर घोट्याचं तेव्हाच कळलं असतं. आता परतणाऱ्याचा अंदाज मी चाचणीनंतर चोवीस तासांनीच लिहिते.

दुसरी, डिसेंबरचा फोटो. साडेतीन मिनिटांची सुधारणा दिसल्यावर वही धरणाऱ्याने आनंदाआधी शंका घ्यायला हवी होती. सिस्टरांनी घेतली. त्या गटात वेगाने सगळ्यांत मागे आहेत म्हणून त्यांचं म्हणणंही मागे पडलं, असं मला आता वाटतं, आणि त्याचं वाईट वाटतं.

तिसरी, ‘सेकंदासकट लिहिणार आहे’ हे माझं उत्तर. त्यांचा मान राखायला दिलं होतं, पण परिणाम त्यांच्यावर ओझं म्हणून झाला. तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं: “आज जी वेळ येईल ती तुमची खरी वेळ. जास्त आली तरी.”

आणि एका मिनिटाचा नियम. तो अण्णांना मानवला, पण त्यात एक दोष राहिला आहे. ४४ मिनिटं घेणाऱ्याला एक मिनिट म्हणजे सव्वादोन टक्के, साडेअठरा मिनिटं घेणाऱ्याला पाच टक्क्यांहून जास्त. म्हणजे जो हळू आहे, परतणारा आहे, त्यालाच नियम जास्त आवळतो. गेल्या महिन्यात बाळंतपणानंतर परतलेली एक मुलगी ४१:०० च्या अंदाजावर ३९:४८ मध्ये आली. ७२ सेकंद आधी. मोरीवर पहिली तीच होती आणि तांब्या दुसऱ्याला गेला. तिने रात्रभर झोपलेल्या बाळाचं कारण सांगितलं, आणि झोपेच्या रकान्यात खरंच सात तास लिहिलेले होते. मर्यादा एक मिनिटाऐवजी अंदाजाच्या तीन टक्के धरली असती तर तिला ७३ सेकंद मिळाले असते. अण्णांच्या ३३ मिनिटांना ५९ मिळाले असते, म्हणजे त्यांचा लगाम होता तिथेच राहिला असता, आणि साडेअठरावाल्या मुलाला ३३ मिळाले असते. त्या मुलाला हे आवडणार नाही. येत्या दुसऱ्या शनिवारी चहाला बसू तेव्हा मी हा बदल मांडणार आहे. अण्णा अनुमोदन देणार आहेत, असं त्यांनी काल सेकंड शिफ्टला जाताना फोन करून सांगितलं.